‘पूर्वी कसा होता?’: बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी समुदाय मानसिक आरोग्य सेवा कशी चालवावी

बौद्धिक अक्षमता आणि मनाचा आजार एकाच माणसात असले की टोलवाटोलवी सुरू होते. मानसिक आरोग्य विभाग म्हणतो, हा मुळात अक्षमतेचा प्रश्न आहे. दिव्यांगांसाठी काम करणारी सेवा म्हणते, हे मानसोपचाराचे काम. तोवर घरातल्यांची झोप उडालेली असते, आणि ज्याला त्रास होतोय त्याला तो शब्दांत सांगता येत नसतो. अशी सेवा उभी करणाऱ्या किंवा तिची सूत्रे हाती घेणाऱ्या प्रमुखासाठी हा लेख आहे. प्रौढांसाठीची, लोकांच्या घरी किंवा निवासगृहात जाऊन काम करणारी सेवा आम्ही डोळ्यांसमोर धरली आहे.

आधी एक आकडा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगोच्या अभ्यासात बौद्धिक अक्षमता असलेल्या १,०२३ प्रौढांची पाहणी झाली. डॉक्टरांच्या प्रत्यक्ष निदानानुसार त्यांतल्या ४०.९ टक्के जणांना मानसिक आरोग्याचा कोणता ना कोणता प्रश्न होता, वर्तनाच्या समस्याही त्यात धरल्या होत्या. त्याच लोकांना आयसीडी-१० चे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाचे, काटेकोर निकष लावले तेव्हा प्रमाण १६.६ टक्क्यांवर आले. माणसे तीच होती, मोजपट्टी बदलली. सर्वसाधारण लोकांसाठी केलेले निकष आपण जसेच्या तसे वापरले, तर आपल्या दारात आलेले बरेच जण ‘काही आजार नाही’ असा शिक्का घेऊन परत जातील. याच अडचणीमुळे त्याआधीच, २००१ साली, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने या लोकांसाठी डीसी-एलडी हे वेगळे निकष काढले, आणि अमेरिकेत डीएम-आयडी हे निदानाचे पुस्तक आले, त्याची दुसरी आवृत्ती २०१६ ची. टीमकडे यातले एक तरी हाताशी असावे.

१. दार कोणाचे, हे आधी लिहून ठेवा

मानसिक आरोग्य सेवा, अक्षमता सेवा आणि प्राथमिक आरोग्य सेवा या तिघांच्या प्रमुखांना एकत्र बसवून एका पानाचा करार करा. त्यात तीन वाक्ये हवीतच. पहिले: कोणतीही विनंती ‘आमच्याकडची नाही’ म्हणून परत जाणार नाही, ज्याच्याकडे ती पहिल्यांदा आली तो दुसरा कोणी स्वीकारेपर्यंत ती सोडणार नाही. दुसरे: बुद्ध्यंकाचा अहवाल नाही म्हणून कोणाला थांबवले जाणार नाही. तो नंतर मिळवता येतो, आणि पुष्कळदा शाळेचा इतिहास आणि रोजच्या व्यवहारातली क्षमता पाहून सुरुवातीपुरते भागते. तिसरे: दोन सेवांचे एकमत झाले नाही तर निर्णय कोण देणार, आणि किती दिवसांत. हे तिसरे वाक्य बहुतेक करारांत नसते, आणि करार नेमका तिथेच मोडतो.

आलेल्या विनंतीची छाननी रोज व्हावी, आठवड्याच्या बैठकीची वाट पाहू नये. आमची विभागणी साधी आहे: त्याच दिवशी, ७ दिवसांत, ४ आठवड्यांत. अन्नपाणी सोडलेले, अचानक गोंधळलेले किंवा ग्लानीतले, एकाच स्थितीत ताठरलेले, जीव देण्याची भाषा करणारे, छळाची शंका असलेले, आणि लिथियमवर (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावर) असताना उलट्या-जुलाब सुरू झालेले, हे सगळे त्याच दिवशी. लिथियमचे विशेष सांगायचे कारण असे की शरीरातले पाणी कमी झाले की त्याची रक्तातली पातळी विषारी होईपर्यंत चढू शकते, आणि हातांची वाढलेली थरथर किंवा तोल जाणे हे ‘हट्ट’ म्हणून खपून जाते.

२. टीममध्ये कोण आधी

मानसोपचारतज्ज्ञ, नर्स, मानसशास्त्रज्ञ, वाचा-भाषा तज्ज्ञ, व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि समाजसेवक ही पूर्ण टीम. सगळे एकदम मिळत नाहीत. एक मानसोपचारतज्ज्ञ असेल तर दुसरा घेण्याआधी नर्स आणि वाचा-भाषा तज्ज्ञ घ्या, असे आमचे ठाम मत आहे. ज्या टीममध्ये संवाद जाणणारे कोणी नसते तिथे औषधे वाढत जातात, कारण वर्तनाचा अर्थ लावायला दुसरे साधनच उरत नाही.

प्रत्येक माणसामागे एकच समन्वयक ठेवा, आणि त्याचे नाव घरच्यांना माहीत असू द्या. एका समन्वयकाकडे गुंतागुंतीची २० ते २५ माणसे झाली की घरभेटी आटतात आणि फोनवर काम उरकायला सुरुवात होते. स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली एक-दोन माणसेही पगार देऊन टीममध्ये घ्या. सोप्या भाषेतली पत्रके खरोखर सोपी आहेत का, खोलीतला दिवा डोळ्यांवर येतो का, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही.

३. पहिले मूल्यमापन: शरीर, औषधे, परिसर, मग मन

१९८२ साली स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी एक चूक दाखवून दिली: समोरच्याला बौद्धिक अक्षमता आहे एवढे कळले की तज्ज्ञही त्याच्या मनाच्या आजाराला कमी लेखतात. निदानावर पडणारी ही सावली आजही रोज दिसते. ‘तो तसाच आहे’ हे वाक्य कानावर आले की टीममधल्या कोणीही लगेच विचारावे, ‘कधीपासून? पूर्वी कसा होता?’

या प्रश्नाचे उत्तर कागदावर असायला हवे. म्हणून प्रत्येकाचे मूळ चित्र त्याच्या चांगल्या काळात लिहून ठेवा: किती तास झोपतो, वजन किती, काय आवडते, किती शब्द किंवा खुणा वापरतो, कपडे घालताना कुठे मदत लागते, राग आला की काय करतो आणि तो किती वेळ टिकतो. दुखले तर चेहरा कसा होतो, हेही लिहा. पुढच्या सगळ्या तुलना याच्याशी करायच्या. त्याची तुलना इतरांशी करून फारसे हाती लागत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांचे हे चित्र तिशीतच पक्के करून घ्यावे. त्यांच्यात अल्झायमर लवकर येतो, आणि तो आला हे कळायला आधीची नोंद लागते.

बदल दिसला की शरीरापासून सुरुवात. दात, कान, बद्धकोष्ठ, जळजळ, लघवीचा संसर्ग, थायरॉइड, फिट, नजर, पाळीच्या वेदना, झोपेत श्वास अडकणे. यादी लांब वाटते, पण नर्सला ती एका भेटीत बऱ्यापैकी उरकता येते.

उदाहरण घ्या. न बोलणारा ३४ वर्षांचा माणूस तीन आठवड्यांपासून उजव्या गालावर स्वतःच्या मुठीने मारतो आहे. निवासगृहाचा अर्ज म्हणतो: ‘आक्रमकता वाढली, औषध वाढवावे.’ नर्स जेवणाच्या वेळी जाऊन शेजारी बसते. तो घास डावीकडेच चावतो, थंड पाणी तोंडात घेताच थांबतो, डोके उजवीकडे झुकवतो, मग मूठ येते. जेवण अर्धे सोडून उठतो. तीन आठवड्यांत वजन २ किलो उतरले आहे. याला औषध वाढवायचे की दंतवैद्य गाठायचा, हे त्या अर्ध्या तासात ठरते. सेवेच्या खोलीत, टेबलापलीकडून हे दिसले नसते, कारण तिथे तो जेवत नसतो.

अंगठ्याने कानाची पाळी ओढणे, पोट टेबलाच्या कडेला दाबून धरणे, जेवणानंतर पाठ ताणून मान मागे टाकणे, यांतली प्रत्येक हालचाल एखादा अवयव दाखवत असू शकते. कॉर्नेलिया डी लँगे सिंड्रोम या जनुकीय विकारात स्वतःला इजा करण्यामागे पित्त वर येण्याचा त्रास असू शकतो, हे माहीत असलेला डॉक्टर आधी पोट तपासतो.

मग औषधे. फिटसाठी दिलेल्या लेव्हेटिरॅसिटॅमने काहींची चिडचिड वाढते. शांत करायला दिलेल्या बेन्झोडायझेपिनने काही जण उलट उसळतात. मनोविकाराच्या (सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराच्या) औषधांमुळे पायांत जी अस्वस्थता येते, बसवत नाही, सतत येरझाऱ्या, ती ‘बेचैनी वाढली’ समजून तेच औषध वाढवले जाते. हा फेरा फार घातक आहे. येरझाऱ्यांची सुरुवात आणि डोस बदलल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली की तो उघडा पडतो.

त्यानंतर परिसर: घरात कोणी वारले का, आवडता कर्मचारी सोडून गेला का, खोली बदलली का, नवा कोणी शेजारी आला का. मृत्यूची बातमी ‘त्याला काय कळणार’ म्हणून लपवली जाते, आणि मग माणूस महिनोन्महिने दाराशी वाट पाहत बसतो. छळाचा प्रश्न प्रत्येक वेळी, एकट्याला गाठून, त्याला कळेल अशा साधनाने विचारायचा.

शेवटी मन. नैराश्यात ‘मला उदास वाटते’ हे शब्द येतीलच असे नाही. दिसते ते असे: आवडीच्या गोष्टीकडे पाठ, पहाटे जाग, रडणे, येत असलेली कामे बंद होणे, चिडचिड, स्वतःला इजा. उलट बाजूही सांभाळा. एकटे असताना मोठ्याने बोलणे, काल्पनिक मित्राशी गप्पा हे अनेकांत वर्षानुवर्षे चाललेले असते आणि तो मनोविकार नसतो. काळजी तेव्हा करावी जेव्हा बोलण्याचा सूर बदलतो, भीती येते किंवा माणूस कोणाला तरी उत्तर देताना दचकतो. जनुकीय निदान ठाऊक असेल तर त्याचा उपयोग करा: २२क्यू११.२ डिलीशनमध्ये (२२ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसणे) साधारण चारांतल्या एका प्रौढाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो, तर स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोममध्ये मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाचे चक्रच उलटे फिरते, त्यामुळे तिथे रात्रीचे जागरण ‘वळण’ लावून सुटत नाही.

मोजपट्ट्यांपैकी पास-ॲड चेकलिस्ट छाननीसाठी आणि ५८ प्रश्नांची अबेरंट बिहेविअर चेकलिस्ट बदल मोजण्यासाठी बरी. ज्यांना प्रश्न समजतात त्यांच्यासाठी २० प्रश्नांची ग्लासगो डिप्रेशन स्केल आहे. गुणांवरून निदान करू नका. उपचाराआधी आणि नंतर तीच पट्टी, शक्यतो त्याच व्यक्तीकडून भरून घ्या.

४. बोलायचे कसे

भेट २० मिनिटांची, गरज पडली तर दोनदा. शांत खोली, तिसऱ्याची ये-जा नको. प्रश्न आधी त्याला, मग सांभाळणाऱ्याला, आणि सांभाळणाऱ्याशी बोलताना तो समोर बसलेला असेल तर त्याच्याविषयी त्याच्या डोक्यावरून बोलू नका.

बरेच जण समोरच्याला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणतात. ‘तुला आवाज ऐकू येतात?’ याला ‘हो’ आले तर तो पंख्याचा आवाजही असू शकतो. म्हणून उलट करून विचारा, पर्यायांची जागा बदलून विचारा, आणि उदाहरण मागा. ‘गेल्या तीन महिन्यांत’ असे म्हणण्याऐवजी ‘तुझ्या वाढदिवसानंतर’ म्हणा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तेवढी शांतता विचारणाऱ्यालाच जड जाते, उत्तर मात्र पुष्कळदा नवव्या-दहाव्या आकड्याला येते.

५. चौदा दिवसांची नोंद आणि एक पान

वर्तनाचे कारण शोधायचे तर १४ दिवस नोंद ठेवा: वेळ, जागा, लगेच आधी काय झाले, त्याने काय केले, लगेच नंतर इतरांनी काय केले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा येतो, कारण तिथे कर्मचाऱ्याला स्वतःविषयी लिहावे लागते. पहिल्या तीन दिवसांनी नर्सने जाऊन नोंदवही पाहावी. ‘विनाकारण मारले’ असे लिहिलेले दिसले तर शेजारी बसून त्या दहा मिनिटांची उजळणी करावी.

चौदा दिवसांच्या घटना तासांच्या चौकटीत मांडल्या की चित्र उघडते. समजा २२ पैकी १५ घटना दुपारी ३ ते ४ मध्ये आहेत, आणि कामाची पाळी ३ वाजता बदलते. निरोप देण्या-घेण्याचा गलबला, दोन टीव्ही, आणि त्या तासात त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. मग योजना अशी: पावणेतीनला त्याला आवडीच्या कामासह बाहेर नेणे, आणि पाळीबदल दुसऱ्या खोलीत. वर्तनाने त्याला काय मिळत होते (लक्ष, सुटका, वस्तू की शरीराला हवी असलेली संवेदना), ते ओळखून तेच मिळवण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवायचा. ‘थांब’ असे कार्ड दाखवले की काम खरोखर थांबले पाहिजे. पहिल्या आठवड्यात दहांपैकी दोनदा जरी ते थांबले नाही तरी कार्डावरचा विश्वास उडतो आणि मूठ परत येते.

सगळे एका पानावर आणा: तो बरा असताना काय करायचे, बिनसायला लागल्याच्या खुणा आणि तेव्हा काय करायचे, प्रत्यक्ष संकटात काय करायचे. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे पुरतात. चाळीस पानांची योजना कपाटात राहते. रात्रपाळीला नवा आलेला माणूस दोन मिनिटांत वाचू शकेल एवढीच लांबी ठेवा, आणि ज्याची योजना आहे त्याला चित्रांसह समजावून त्याची दुरुस्ती घ्या.

बोलून करायचे उपचारही या लोकांना चालतात. सत्रे लहान, संख्येने जास्त, चित्रे आणि प्रत्यक्ष सराव भरपूर, आणि संमती असेल तर घरचा एक जण सोबत. टीमने प्रत्येकाला याचा पर्याय दिला का, हे प्रमुखाने पाहावे, कारण ‘याला जमणार नाही’ हे न पाहताच ठरवले जाते.

६. औषधे

२००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. मनोविकार नसलेल्या, पण आक्रमक वर्तन असलेल्या ८६ जणांना रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल ही मनोविकाराची औषधे, किंवा औषध नसलेली निष्क्रिय गोळी दिली गेली. चार आठवड्यांत तिन्ही गटांत आक्रमकता कमी झाली, आणि सगळ्यात जास्त घट निष्क्रिय गोळीच्या गटात दिसली. तरीही केवळ वर्तनासाठी ही औषधे सर्रास दिली जातात. २०१६ साली इंग्लंडच्या आरोग्य सेवेला अशा अनावश्यक औषधांविरुद्ध ‘स्टॉम्प’ नावाची खास मोहीम काढावी लागली.

म्हणून प्रत्येक चिठ्ठीसोबत चार गोष्टी लिहिल्याच पाहिजेत असा नियम करा: कोणत्या आजारासाठी किंवा कोणत्या नेमक्या वर्तनासाठी, काय मोजणार, कधी पाहणार, आणि उपयोग झाला नाही तर कधी बंद करणार. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेची २०१५ ची सूचना सांभाळण्याजोगी आहे: वर्तनासाठी दिलेल्या अशा औषधाचा परिणाम ३ ते ४ आठवड्यांनी तपासा, ६ आठवड्यांनीही फरक नसेल तर थांबवा.

सुरुवात कमी डोसने, वाढ सावकाश, एका वेळी एकच बदल. वजन, कंबर, रक्तदाब, साखर, चरबी सुरुवातीला, ३ महिन्यांनी, पुढे वर्षातून किमान एकदा. शौचाची नोंद रोज. क्लोझापिन या मनोविकाराच्या औषधावर असलेल्याचे बद्धकोष्ठ जीवघेणे ठरू शकते, आणि सोबत ताठरपणा-थरथरीसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. पोट दुखते असे सांगू न शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती वहीतली खूणच त्याचा आवाज असते. औषधांमुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचालींसाठी एम्स (ॲबनॉर्मल इनव्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल) ही १२ मुद्द्यांची तपासणी सहा महिन्यांनी.

वर्षानुवर्षे चाललेले औषध कमी करायचे तर खरोखरचा मनोविकार आधी नव्हता ना, हे जुन्या कागदांतून तपासा. मग एका टप्प्याला १० ते २५ टक्के, दोन टप्प्यांमध्ये किमान ४ आठवड्यांचे अंतर, शेवटचे टप्पे सगळ्यात लहान. पहिल्या दोन आठवड्यांत झोप बिघडणे, मळमळ, चिडचिड हे औषध सुटण्याचे परिणाम असू शकतात. ते मूळ त्रासाचे पुनरागमन समजून घाबरून डोस परत चढवला जातो आणि ‘प्रयत्न केला, जमले नाही’ अशी नोंद कायमची बसते. कर्मचाऱ्यांची पाळी बदलताना, घर बदलताना, मोठ्या सणाच्या तोंडावर टप्पा उतरवू नका. घरच्यांना आधीच सांगा की पहिला पंधरवडा कठीण जाईल, आणि त्या काळात आठवड्यातून दोनदा फोन करा.

७. संकट

लाल पट्ट्यावर रात्री फोन उचलणाऱ्याचा नंबर हवा, आणि तो खरेच उचलला जातो का हे महिन्यातून एकदा रात्री लावून पाहा. रुग्णालयात नेताना एका पानाचा ओळखपट बरोबर: नाव, संवादाची पद्धत, दुखल्याची खूण, ॲलर्जी, औषधे, स्पर्श चालतो का, कोणाला बोलवायचे. दाखल झाल्यापासून ७२ तासांत टीममधल्या कोणीतरी तिथे जावे आणि परत येण्याची तारीख व अटी बोलाव्यात. तारीख न ठरता दाखल झालेला माणूस महिनोन्महिने अडकतो. धरून ठेवावे लागले तर पालथे पाडणे नाही, छातीवर वजन नाही, आणि प्रत्येक घटनेची प्रमुखाने दुसऱ्या दिवशी चौकशी.

संमती प्रत्येक निर्णयासाठी वेगळी पाहायची. चाचणीला ‘नको’ म्हणणारा माणूस औषधाबद्दल नीट ठरवू शकतो. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातले १२ वे कलम हेच सांगते: आधार देऊन त्याला स्वतः ठरवू द्या.

८. सांभाळणारे आणि महिन्याची तपासणी

आईवडील थकलेले असतात आणि निवासगृहातले कर्मचारी बदलत राहतात. एकदाचे मोठे प्रशिक्षण विरून जाते. त्यापेक्षा त्याच घरी, त्याच माणसाविषयी, ४५ मिनिटांचे बोलणे दर पंधरा दिवसांनी ठेवा. वयस्क पालकांना ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न तुम्हीच काढा. तो न काढल्यास उत्तर एखाद्या रात्री, रुग्णवाहिकेच्या दारात शोधावे लागते. टीमच्या प्रत्येकाला महिन्यातून एक तास वरिष्ठासोबत, कितीही घाई असली तरी.

किती भेटी झाल्या हा आकडा वर पाठवावा लागतो, तो पाठवा. पण सेवा कशी चालली आहे हे त्यातून कळत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही पाच फाइली हाताला येतील तशा उचला आणि स्वतः वाचा. मूळ चित्र लिहिले आहे का? शरीराची तपासणी झाली का, तारखेसह? प्रत्येक औषधाला कारण आणि पुढची तपासणीची तारीख आहे का? नोंदवहीचा शेवटचा रकाना भरला आहे का? एक पान रात्रपाळीपर्यंत पोचले का? आणि त्या माणसाने स्वतः सांगितलेले, त्याच्या शब्दांत किंवा त्याच्या खुणेत, एक तरी वाक्य फाइलीत आहे का? नसेल तर फाइल समन्वयकाकडे परत द्या आणि पुढची भेट त्यासाठीच ठेवा.